अकाराझे म्हणजे आपला चवळीचा वडाच का? घरी करता येईल का?

चवळी तीच, पण वडा तो नव्हे. आपण आलं, मिरची, कोथिंबीर घालतो. ब्राझीलच्या बाहिया राज्यात पिठात चवळी, कांदा आणि मीठ, बस्स. बाकी सगळं फेटण्यावर आणि तेलावर.

अर्धा किलो चवळी कोरडीच जाडसर भरडा आणि पाच-सहा तास भिजवा. चोळून, तरंगणारी सालं पाण्याबरोबर ओतून द्या. बरीच पाणी बदलावी लागतात. इथे कंटाळा केलात तर वडा काळपट आणि दडस होतो. निथळून, पाणी न घालता वाटा. दोन कांदे वाटून मीठ आणि कांदा अगदी तळायच्या वेळी घाला. आधी घातलं की पाणी सुटतं, पीठ पसरतं आणि वडा तेल पितो. मग लाकडी चमच्यानं दहा-पंधरा मिनिटं फेटा. थेंब पाण्यात तरंगला की झालं. सोडा अजिबात नको.

तेल हवं देंदे, म्हणजे पामच्या फळांचं लाल, न शुद्ध केलेलं तेल. आपल्याकडचं पामतेल चालणार नाही, रिफाइन करताना रंग आणि वास दोन्ही जातात. हळद घालून रंग आणाल, चव कुठून आणणार? तेल जळू नये म्हणून बायका कढईत एक अख्खा कांदा सोडून ठेवतात. मध्यम आचेवर तळून वडा मधून चिरायचा आणि आत वातापा (पाव, सुकी कोळंबी, शेंगदाणे, काजू, नारळाचं दूध, देंदे) भरायचा.

पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेत 'आकारा' म्हणजे हा वडा आणि 'जे' म्हणजे खाणं. बाहियाच्या राजधानीत, साल्वादोरच्या रस्त्यांवर, आफ्रिकी वंशाच्या गुलाम बायका खाद्यपदार्थ विकत. ठरलेली रक्कम मालकाला द्यायची, उरलेल्यातून काहींनी स्वतःची सुटका विकत घेतली. गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८८८ मध्ये. आफ्रिकी परंपरांतून ब्राझीलमध्ये घडलेल्या कांदोंब्ले धर्मात अकाराझे हा वादळवाऱ्याची देवता इयान्सां हिचा नैवेद्य. म्हणून इव्हँजेलिकल ख्रिस्ती पंथाचे विक्रेते त्याला 'येशूचा वडा' म्हणू लागले तेव्हा बाहियाच्या बायका चिडल्या, आणि ते मला पूर्ण पटतं: नाव बदललं की कुणी कमावलं तेच पुसलं जातं. अकाराझे करून विकण्याच्या त्यांच्या या कामाला २००५ मध्ये ब्राझीलचा राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता मिळाली.

साल्वादोरला गेलात आणि विकणारीनं 'गरम की थंड?' विचारलं, तर ती मिरची घालायची का ते विचारते आहे. वडा दोन्ही वेळा कढईतूनच येतो.