हुकूम कुणाचा, सही कुणाची?

वाचकांचे प्रश्न : पाळत, फोन आणि आपलं खासगीपण

१ नोव्हेंबर जवळ आला की माझ्या फोनवर टकटक आवाज येतो, बोलणं मध्येच तुटतं. गल्लीत सगळे म्हणतात, फोन टॅप होतोय. ओळखायचं कसं? आणि होत असेल तर कायदा काय म्हणतो? – एक कार्यकर्ता, येळ्ळूर

टकटक आवाजावरून काहीच सिद्ध होत नाही. हुकमाने होणारं सरकारी टॅपिंग तुमच्या हँडसेटमध्ये होत नाही. कंपनीच्या यंत्रणेतूनच संभाषणाची दुसरी प्रत परस्पर निघते. त्याचा पत्ता तुमच्या कानाला लागत नाही, बॅटरीला नाही आणि बिलालाही नाही. काळ्या दिनाच्या, म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसांच्या १ नोव्हेंबरच्या निषेधाच्या फेरीत हजारो फोन एकाच टॉवरवर आले की आवाज तुटणारच.

*#२१# दाबलं की टॅपिंग कळतं, असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. तो चुकीचा आहे. त्या नंबरावरून फक्त तुमचे कॉल दुसरीकडे वळवले आहेत का, एवढंच दिसतं. तरी ते एकदा बघून घ्या, कारण कुरिअरवाला म्हणून बोलणारे भामटे गोड बोलून कॉल वळवायला लावतात आणि मग ओटीपीचे कॉल त्यांच्याकडे जातात. वळवलेले दिसले तर ##००२# दाबून सगळं रद्द करा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा. तिथे अनोळखी कॉम्प्युटर दिसला, तर तुमचा फोन पाच मिनिटं कुणाच्या तरी हातात होता असं समजा. लगेच लॉग आउट करा आणि ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा आकडी पिन लावा. कार्यकर्त्यांच्या बाबतीत पाळतीचा हा प्रकार जास्त शक्य आहे, आणि त्याला कसलाही हुकूम लागत नाही.

आता कायदा. १८८५च्या तार कायद्याच्या जागी २०२३चा दूरसंचार कायदा आला. त्याच्या कलम २०(२) खाली संभाषण ऐकता येतं, पण आधी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न उभा असावा लागतो. तेवढ्यानेही भागत नाही. देशाची अखंडता, सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणं, यांपैकी एक कारण हुकमात लिहावं लागतं. डिसेंबर २०२४च्या नियमांप्रमाणे राज्यात ही सही गृहखात्याच्या सचिवाची. तातडीच्या वेळी पोलीस महानिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी हुकूम काढू शकतो, पण सात कामकाजाच्या दिवसांत वरून मंजुरी मिळाली नाही तर टॅपिंग थांबवावं लागतं. एक हुकूम ६० दिवस चालतो, वाढवत नेला तरी एकूण १८० दिवसांच्या वर नाही.

आमचं भांडण पुढच्या टप्प्याशी आहे. हा हुकूम योग्य होता का, हे तपासते कोण? मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची सचिवांची समिती. म्हणजे एका सचिवाने सही करायची आणि बाकीच्या सचिवांनी ती तपासायची. न्यायाधीश कुठेच नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवलं जात नाही, मग त्याने दाद मागायची कशी? १८ डिसेंबर १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’च्या खटल्यात टॅपिंगला अटी घातल्या, तेव्हाही न्यायाधीशाची आगाऊ परवानगी सक्तीची केली नाही. ती उणीव आजवर तशीच आहे.

कुठून तरी हुकूम उघड झाला, तर मात्र लढता येतं. सीबीआयने एका व्यावसायिकाचा फोन टॅप केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ला ते हुकूम रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला लावलं, कारण सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न कुठेच दिसत नव्हता. तुमच्यावर कधी खटला झाला आणि आरोपपत्रात संभाषणाचा उतारा आला, तर वकिलाला पहिली गोष्ट हीच मागायला सांगा: हुकमाची प्रत, तारीख, सही आणि लिहिलेलं कारण.

कुणाला, कधी, किती वेळ फोन केला याची यादी, म्हणजे सीडीआर, हे प्रकरण वेगळं. त्याला गृहसचिव लागत नाही, पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी ती मागवू शकतो, आणि कंपन्यांना ती किमान दोन वर्षं सांभाळावी लागते. बोललेलं कुणी ऐकलं नाही, तरी तुमचं सगळं गणगोत त्या यादीत उतरतं.

आमच्या कट्ट्यावर यावरून रोज वाद होतो. एक गट म्हणतो, ज्याच्याकडे लपवायला काही नाही त्याने घाबरायचं कशाला? दुसरा म्हणतो, सगळा खेळ एकाच पक्षाचा. तुमचं मत काय? – वाचक, शहापूर, बेळगाव

दुसऱ्या गटाला आधी सांगतो: कर्नाटकाचा इतिहास तुमच्या बाजूने नाही. फोन टॅपिंगच्या आरोपावरून ऑगस्ट १९८८मध्ये रामकृष्ण हेगडेंना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, तेव्हा राज्यात जनता पक्षाचं सरकार होतं. ऑगस्ट २०१९मध्ये आधीच्या काँग्रेस आणि धर्मनिरपेक्ष जनता दल आघाडी सरकारच्या काळातल्या टॅपिंगच्या आरोपांची चौकशी भाजप सरकारने सीबीआयकडे दिली. २०२१मध्ये पेगासस या फोनमध्ये गुपचूप घुसणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण निघालं, त्यात बोट केंद्राकडे होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच असल्याचा ठाम पुरावा मिळाला नाही. केंद्राने सहकार्य केलं नाही, असंही समितीने नोंदवलं. विरोधात असताना खासगीपणावर बोलणारे सत्तेत आले की त्याच कलमावर सही करतात. म्हणून पक्ष बघू नका, कलम बघा.

पहिल्या गटाला उत्तर वेगळं. चिटोऱ्यावर लिहिलेलं औषधाचं नाव, मुलीच्या स्थळाची बोलणी, पतसंस्थेतलं थकलेलं कर्ज, यात गुन्हा काहीच नाही. तरी आपण ते चौकात वाचून दाखवत नाही. २४ ऑगस्ट २०१७ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ती याचिका करणारे न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते, हे कट्ट्यावर जरूर सांगा.

आणि विरोधाचा उपयोग होतो. २८ नोव्हेंबर २०२५ला दूरसंचार खात्याने प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ अ‍ॅप आधीच घालायचा आदेश दिला. त्यावर देशभर ओरड झाली आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. अ‍ॅप स्वतः कामाचं आहे: हरवलेला फोन बंद पाडता येतो, आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. वेबसाइटवरही हेच होतं. भांडण सक्तीशी होतं, आणि ते योग्यच होतं.

कोगनोळीच्या नाक्यावर गाडी अडवली तर पोलीस मोबाइल उघडून गॅलरी आणि व्हॉट्सअ‍ॅप बघू शकतात का? नाही म्हणायचं कसं? – विद्यार्थी, निपाणी

लायसन्स, गाडीची कागदपत्रं, डिकी हे एक. फोनच्या आतला मजकूर हे वेगळं. नुसतं ‘बघू दे’ म्हणून फोन चाळायचा सरसकट अधिकार कुठल्याही कायद्यात नाही. तपास चालू असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी हुकूम देऊन फोन मागता येतो. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कलम १८५प्रमाणे अधिकाऱ्याने आधी कारण लिहून ठेवायचं. गुन्ह्याचा संशय असेल तर कलम १०६खाली वस्तू जप्त होऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.

नाक्यावर हुज्जत घालू नका. हात दिसतील असे ठेवा आणि एकच वाक्य बोला: ‘साहेब, कुठल्या गुन्ह्यात आणि कुठल्या कलमाखाली, तेवढं लिहून द्या, मी फोन देतो.’ मराठीत, हिंदीत, तोडक्यामोडक्या कन्नडात, जसं जमेल तसं, पण आवाज चढवू नका. हवालदाराच्या हातातून फोन हिसकावला तर मूळ प्रश्न बाजूला पडतो आणि सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल होतो. पोरं इथेच चुकतात.

फोन घेतलाच तर पंचनामा मागा. इकडे त्याला महजर म्हणतात. त्यात मॉडेल, आयएमईआयचे १५ आकडे, सिमचा नंबर, वेळ आणि फोन चालू होता की बंद, हे सगळं हवं. आयएमईआय *#०६# दाबून आजच एका कागदावर उतरवून घरी ठेवा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण कलम १०५प्रमाणे पोलिसांनीच करायचं असतं. फोनमधल्या माहितीची प्रत काढताना ‘हॅश व्हॅल्यू’ नोंदवायला सांगा. हा त्या माहितीचा आकड्या-अक्षरांतला ठसा असतो. नंतर एक फोटो जरी आत घुसवला तरी ठसा जुळत नाही.

कर्नाटक उच्च न्यायालयाने १२ मार्च २०२१च्या निकालात फोनच्या झडतीसाठी साधारणपणे वॉरंट हवं असं म्हटलं. पासवर्ड सांगणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, असंही त्याच निकालात आहे. दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने २०२२मध्ये याच्या उलट मत दिलं. म्हणून पासवर्डचा निर्णय वकिलाशी बोलूनच घ्या. बोट किंवा चेहरा दाखवून उघडणारा फोन जबरदस्तीनेही उघडता येतो. प्रवासात सहा आकडी पिन बरा.

झेरॉक्सवाला, लॉजवाला, सिमवाला, सगळे आधारची प्रत मागतात. बोट लावून खात्यातले पैसे गेल्याच्या बातम्या वाचून भीती वाटते. – गृहिणी, खानापूर

प्रत द्यावीच लागली तर ‘मास्क्ड आधार’ द्या. त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. आधारच्या वेबसाइटवरून उतरवून घेता येतो. फाइल उघडायला पासवर्ड लागतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्मवर्ष. प्रतीवर आडवं लिहा: ‘फक्त लॉजच्या नोंदीसाठी’, आणि तारीख.

आधारच्या अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक लावा. त्यानंतर बोटाने पैसे निघत नाहीत. पण त्याच कारणाने रेशन दुकानातही अंगठा चालत नाही. मशीनवर ३३० हा एरर आला, तर बोट झिजलेलं नाही, लॉक लावलेलं आहे. दुकानदार ‘नाव कटलंय’ म्हणाला तरी घाबरू नका. रांगेत नंबर जवळ आला की तात्पुरतं अनलॉक करा, थोड्या वेळाने ते आपोआप पुन्हा लॉक होतं. यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा. बऱ्याच घरांत तो नंबर पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलाचा असतो, आणि ओटीपी तिकडे जातो. आधी तो बदलून घ्या. आधार कुठे कुठे वापरलं गेलं, त्याची सहा महिन्यांची यादीही वेबसाइटवर दिसते.

जनगणनेत मातृभाषा मराठी सांगितली तर नाव पोलिसांकडे जाईल, असं काहीजण म्हणतात. खरं का? – वाचक, चिक्कोडी

नाही. १९४८च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की वैयक्तिक नोंद कुणाला पाहता येत नाही आणि पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. मातृभाषा तुम्ही सांगाल तीच लिहायची असते. २०२७च्या जनगणनेची नोंद मोबाइलवर होते, म्हणून ‘सबमिट’ करण्याआधी पडदा दाखवा म्हणा आणि तो रकाना स्वतः वाचा. राज्याचं २०२५चं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण मात्र या कायद्याखाली नव्हतं. त्यात माहिती देणं ऐच्छिक असल्याचं कर्नाटक उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं.

मोर्चाचं पोलिसांनी चित्रीकरण केलं. आमच्यातल्या दोघांवर गुन्हा दाखल झाला. आम्ही दगड मारला नाही, हे त्याच चित्रीकरणात दिसेल. ते मिळवायचं कसं? मराठीत अर्ज दिला तर घेत नाहीत. – वाचक, बेळगाव

सगळ्यात आधी घड्याळ बघा. कर्नाटकाच्या २०१७च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याने दुकानं-आस्थापनांना फुटेज ३० दिवस ठेवायला सांगितलं आहे, आणि माहिती अधिकाराचं उत्तरही ३० दिवसांनीच येतं. नुसता माहिती अधिकाराचा अर्ज टाकून बसलात, तर उत्तर हातात पडेपर्यंत फुटेज पुसलं गेलेलं असतं. बहुतेक प्रकरणं इथेच हातची जातात.

म्हणून दोन अर्ज करा. पहिला, फुटेज राखून ठेवण्याचा, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. तो मराठीत चालतो. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याला देता येतो. अर्जाच्या डोक्यावरच लिहा: ‘भारतीय राज्यघटना, कलम ३५० अन्वये’. मजकूर एवढा पुरे: ‘अमुक तारखेला, अमुक वेळेत, अमुक चौकातल्या कॅमेऱ्याचं आणि पोलिसांनी केलेलं चित्रीकरण गुन्ह्याच्या तपासात पुरावा आहे. ते नष्ट न करता राखून ठेवावं.’ एक प्रत पोलीस ठाण्याला, एक आयुक्तालयाला. आवक शिक्क्याची पोच घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. रस्त्याकडेच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर दुकानदारालाही तसंच पत्र द्या.

दुसरा अर्ज माहिती अधिकाराचा. तिथे कलम ३५० चालत नाही. त्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत लागतो. मराठी अर्ज परत आला तर त्यावर भांडण्यात दिवस घालवू नका, हिंदीत लिहा. कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे एक अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. फी दहा रुपये, पोस्टल ऑर्डर सगळ्यात सुरक्षित. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. कॅमेऱ्याची जागा, तारीख आणि ‘सकाळी ११.३० ते दुपारी १२.१५’ अशी वेळ द्या.

१४ नोव्हेंबर २०२५पासून ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अर्ज नाकारणं सोपं झालं आहे, कारण २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ)मधली, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या कलमातली, जनहिताची अट काढून टाकली. त्याच डेटा कायद्यात केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट द्यायचीही मुभा आहे. नागरिकाच्या खासगीपणासाठी केलेला कायदा सरकारची ढाल व्हावा, हे आम्हाला मान्य नाही. तरी कलम ८(२) शिल्लक आहे: जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी. अर्जात ते कलम आणि ‘हे चित्रीकरण अर्जदाराचंच आहे’ ही ओळ जरूर घाला. पोलीस ठाण्याच्या आत काही घडलं असेल, तर तिथलं फुटेज १८ महिने ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२०ला सांगितलं आहे.

तपास चालू आहे म्हणून नकार आला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करा आणि त्याच आठवड्यात वकिलामार्फत न्यायालयात फुटेज मागवण्याचा अर्ज द्या. शिक्का मारलेली राखून ठेवण्याच्या अर्जाची पोच त्याला जोडा. फुटेज पुसलं गेलं म्हणून सांगितलं, तर कोणत्या तारखेला आणि कुणाच्या हुकमाने पुसलं, ते लेखी मागा.