स्पीड भरपूर, तरी कॉल का अडकतो?

प्रश्न : स्पीड टेस्टमध्ये १०० एमबीपीएस दिसतात, तरी व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो. इंटरनेट कंपनीचा माणूस म्हणतो, "लाइन ओके आहे." पिंग केलं तर सरासरी ३८ एमएस आली. हे चांगलं की वाईट?

उत्तर : ३८ चांगलेच आहेत, पण सरासरीवर विसंबू नका. कॉलला डेटा थोडाच लागतो, मात्र तो वेळेवर यावा लागतो. डेटाचं एक छोटं पॅकेट जाऊन त्याचं उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले, ते पिंग सांगतं. माइक मूस यांनी १९८३ साली हा प्रोग्रॅम लिहिला, तोही नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणूनच.

विंडोजवर नुसतं पिंग दिलं की चारच पॅकेटं जातात. तेवढ्यावरून निदान करणं मला मुळीच पटत नाही. कमांड प्रॉम्प्टच्या (विंडोजमध्ये कमांड टाइप करायची जागा) दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. एकीत 'ping' लिहून पुढे राउटरचा पत्ता द्या ('ipconfig' ही कमांड दिली की 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसतो), दुसरीत तसंच 8.8.8.8, म्हणजे गूगलचा डीएनएस सर्व्हर. दोन्हींच्या शेवटी '-t' जोडा, म्हणजे थांबवेपर्यंत पिंग चालू राहतं, आणि कॉल चालू असताना आकडे बघत राहा.

राउटरच्या खिडकीतच २, ३, १८०, २, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' (वेळेत उत्तर आलंच नाही) असं दिसलं, तर दोष घरातल्या वायफायचा आहे. लॅपटॉप केबलने जोडून पुन्हा मोजा, आकडा बहुधा एकाच्या आत येईल. राउटर शांत आणि बाहेरचाच आकडा उसळतोय? मग आधी बघा, त्याच वेळी कुणाचा फोन फोटो क्लाउडवर चढवतोय का. अपलोडने राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते आणि कॉलची पॅकेटंही तिच्यात अडकतात. स्पीड टेस्ट बऱ्याचदा हे दाखवतच नाही. ते अपलोड थांबवूनही आकडे उसळत राहिले, तर तक्रार कंपनीकडेच करायची.

सर्व्हर लांबचा असेल तर मोठा आकडा येणारच. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणून ५,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरकडून ५० मिलिसेकंदांच्या आत उत्तर येऊच शकत नाही, प्लॅन कितीही महागडा घ्या. काही सर्व्हर तर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. साइट उघडत असेल तर तिथल्या 'टाइम्ड आउट'ने घाबरू नका.

थांबवायला कंट्रोल-सी दाबा. खाली किती पॅकेटं हरवली तेही येतं. कंपनीला तक्रार करताना दोन्ही खिडक्यांचे स्क्रीनशॉट वेळेसकट पाठवा. राउटरपर्यंत सगळं ठीक आहे हे त्यात दिसलं, की "तुमचं वायफाय तपासा" म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही.