1972 ची यामाहा आर5 मोटरसायकल ऑस्ट्रेलियात हिस्टॉरिक रेसिंगला (जुन्या गाड्यांच्या शर्यतींना) चालेल का? यामाहाच्याच आरडी350 चे सिलिंडर लावले तर? खर्च कुठे होतो?

गाडी चालेल. सिलिंडरचा बेत मात्र सोडा.

ऑस्ट्रेलियात गाड्यांची विभागणी काळानुसार होते: पिरियड 3 म्हणजे 1946 ते 1962, पिरियड 4 म्हणजे 1963 ते 1972, पिरियड 5 म्हणजे 1973 ते 1982. तुमची आर5 पिरियड 4 मध्ये अगदी काठावर बसते. आरडी350 आली 1973 मध्ये. बोअर-स्ट्रोक (सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव) तेच, 64 × 54 मिमी, पण आर5 पिस्टन-पोर्ट, म्हणजे आत येणारं मिश्रण पिस्टनच उघडतो-बंद करतो, आणि आरडीला त्यासाठी पातळ पात्यांचा रीड व्हॉल्व्ह. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रीडचा ठोकळा लांबूनही ओळखू येतो. तो लावलात की गाडी पिरियड 5 ची झाली, आणि तिथे गाठ टीझेड350 सारख्या, मुळात रेससाठीच घडवलेल्या, पाण्याने थंड होणाऱ्या गाड्यांशी.

विकत घेण्याआधी क्रँककेसवरचा (इंजिनच्या खालच्या खोक्यावरचा) नंबर बघा. आर5 चा नंबर 'आर5-' ने सुरू होतो, आरडीचा '351-' ने. जुन्या रेसिंग गाड्यांत दोन-तीन गाड्यांचे भाग एकत्र झालेले असणं अगदी नेहमीचं. भाग त्या काळातला आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. जुना पार्ट्स कॅटलॉग आणि त्या काळातले फोटो लॉगबुकच्या (रेसिंगसाठीच्या गाडीच्या नोंदवहीच्या) तपासणीआधीच जमवून ठेवा. विकणाऱ्याकडे लॉगबुक आधीपासून असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही, पण आतले फोटो समोरच्या गाडीशी जुळवून घ्या.

आणखी एक खाच. मूळ 64 मिमी बोअरला इंजिन 347.4 सीसी भरतं. सिलिंडर झिजला की तो थोडा मोठा कापून (रीबोअर) मोठा पिस्टन घालतात. असा पहिला ओव्हरसाइज पिस्टन 64.25 मिमीचा, म्हणजे 350.15 सीसी, 350 च्या वर! रीबोअरला किती सवलत आहे हे चालू वर्षाच्या नियमपुस्तकात वाचल्याशिवाय सिलिंडर मशीनवर चढवू नका.

खर्चाचं म्हणाल तर गाडीची किंमत ही सुरुवात. लायसन्स, एंट्री, लेदर सूट, हेल्मेट हे सगळ्यांनाच लागतं. आर5 सारख्या टू-स्ट्रोकमध्ये खरा पैसा खातो क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरती करणारा दांडा. तो प्रेस-फिट असतो, म्हणजे त्याचे भाग एकमेकांत दाबून बसवलेले. कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, सील बदलून पुन्हा जुळवताना रनआउट (फिरताना होणारी डगमग) 0.03 मिमीच्या आत आणणारा कारागीर हवा. इथे काटकसर केलीत तर पुढचा पिस्टन तुमच्याच खिशातून. क्रँकच्या मॅग्नेटोकडच्या (वीज तयार होते त्या) टोकाची सील हवा ओढू लागली की मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टनला भोक पडतं. क्लचकडची गेली तर गिअर ऑइल जळून धूर येतो, निदान कळतं तरी. म्हणून प्रत्येक रीबिल्डनंतर इंजिनचे पोर्ट (आत-बाहेर जाण्याची तोंडं) बंद करून 6 पीएसआय हवेचा दाब भरा आणि सहा मिनिटं थांबा. काटा मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा.

इंजिनला आपोआप तेल देणारा ऑइल पंप काढला असेल तर तेल पेट्रोलमध्येच मिसळा: 30:1 धरून 20 लिटर पेट्रोलला 667 मिली तेल.

ब्रेकसाठी महागडा चार-शूचा रेसिंग ड्रम घ्यायची घाई नको. मूळचा पुढच्या चाकाचा दोन लीडिंग शूचा (चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर घट्ट दाबल्या जाणाऱ्या शूंचा) ड्रम, नवं लायनिंग आणि शू ड्रमच्या गोलाईला घासून घेतलेले, एवढं पहिल्या सीझनला पुरतं.

आणि स्क्रूटिनीला (शर्यतीआधीच्या गाडीच्या तपासणीला) जायच्या आदल्या दिवशी ऑइल ड्रेन बोल्टला लॉकवायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) घातली आहे ना, तेवढं बघा.