वाचकांचे प्रश्न : दत्तात्रय बळवंत पारसनीस आणि ‘इतिहाससंग्रह’

प्रश्न : मराठ्यांच्या इतिहासावरचे कोणतेही जुने पुस्तक उघडले की तळटीपांत ‘पारसनीस’ आणि ‘इ. सं.’ ही अक्षरे हटकून भेटतात. राजवाडे, खरे, सरदेसाई या इतिहासकारांविषयी पुष्कळ वाचायला मिळते. पारसनीसांविषयी मात्र कोणी सलग सांगत नाही. ते इतिहासकार होते, की केवळ एका मासिकाचे संपादक?

उत्तर : आपल्या प्रश्नातला ‘केवळ’ हा शब्द आधी बाजूला ठेवावा लागेल, कारण दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या बाबतीत संपादन हेच इतिहासकाराचे काम होते, आणि तो शब्द तसाच ठेवला तर त्यांच्या आयुष्याचे मर्मच हातून निसटते. ‘इ. सं.’ म्हणजे ‘इतिहाससंग्रह’, त्यांनी १९०८ साली सुरू केलेले मासिक. त्यापूर्वी ऐन तरुणपणी त्यांनी ‘महाराष्ट्र कोकिळ’ चालवले होते आणि १८९८ मध्ये ‘भारतवर्ष’ काढले होते.

त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८७० चा आणि मृत्यू ३१ मार्च १९२६ चा. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, आणि बहुतेक सारे आयुष्य त्यांनी साताऱ्यात काढले. साताऱ्यात राहणे हा त्यांच्या बाबतीत मोठाच योग ठरला, असे मला वाटते. छत्रपतींची गादी तिथली. भोवतालच्या गावांतून जुन्या सरदार-मुत्सद्द्यांची घराणी नांदत असलेली. आणि वाईजवळ कृष्णाकाठच्या मेणवलीत खुद्द नाना फडणिसांचा वाडा. नाना १८०० साली वारले, पण त्यांचे दप्तर, म्हणजे कागदपत्रांचा संग्रह, त्या वाड्यात राहिला होता. दिल्ली, हैदराबाद, नागपूर अशा दरबारांत बसलेले वकील, म्हणजे पेशव्यांचे राजदूत, जे लिहीत, ते अखेर नानांच्या हाती येई. त्यामुळे त्या एका दप्तरात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले निम्म्याहून अधिक हिंदुस्थानचे राजकारण रुमालांत बांधून पडले होते. हे दप्तर पारसनीसांनी मिळवले आणि जगासमोर आणले. दुसरे काहीही त्यांच्या हातून घडले नसते, तरी एवढ्यावर त्यांचे नाव राहिले असते.

मासिकच का काढले, हा खरा कळीचा मुद्दा आहे. पुण्यातले पेशवे दप्तर सरकारी ताब्यात होते आणि एतद्देशीय अभ्यासकांना त्याचे दार जवळजवळ बंदच होते. त्यातून निवडलेल्या कागदांचे सरदेसाईंनी संपादिलेले ४५ खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत निघाले, तेव्हा पारसनीस हयात नव्हते. तोवर उरत होते ते घराघरांतले कागद, आणि ते दर पावसाळ्यात थोडेथोडे नाहीसे होत होते. एकेका दप्तराचे जाडजूड पुस्तक छापायला लागणारे भांडवल कोणाजवळ नव्हते; वर्गणीदारांच्या बळावर दरमहा काही पाने छापणे मात्र शक्य होते. साने, मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ साली सुरू केलेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’ने ही वाट घालून दिली होती. ‘इतिहाससंग्रहा’त निरनिराळी प्रकरणे एकाच वेळी क्रमशः छापली जात. त्यामुळे जुन्या ग्रंथांत संदर्भ देताना नुसते ‘इ. सं.’ न लिहिता ‘ऐतिहासिक टिपणे’ किंवा ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ असे आतल्या प्रकरणाचे नावही लिहिलेले दिसते. जोधपूरच्या दरबारातून आलेली पत्रे, अहिल्याबाईंच्या महेश्वर दरबारची बातमीपत्रे, अशी किती तरी साधने पारसनीसांनी छापून काढली.

एक पत्र छापायचे म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय या कामाची किंमत कळत नाही. कागद मोडी लिपीत, म्हणजे मराठीच्या जुन्या जलद लिपीत, असतो. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरे लिहिलेली असतात. दोन शब्दांच्या मध्ये जागा नसते, विरामचिन्ह नसते, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. एका नावाचा शेवट कोठे आणि पुढच्या क्रियापदाचा आरंभ कोठे, हे वाचणाऱ्याने विषयाच्या माहितीवरून ठरवायचे. मजकूर मायन्याने सुरू होऊन ‘विनंती उपरी’वर येतो आणि शेवटी मिती असते ती ‘छ’ या अक्षरापुढे, म्हणजे मुसलमानी महिन्याच्या चंद्राची. पुष्कळ पत्रांत तेवढेच असते, साल नसतेच. साल दिलेले असले तर ते अरबी शब्दांत. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली एक कालगणना, ११७४. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७३ येतो, आणि सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास पालटत असल्यामुळे पुढच्या जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. नारायणराव पेशव्यांचा खून याच सालातला, ३० ऑगस्ट १७७३ चा. आता ज्या पत्रावर साल नाही आणि मजकुरात ‘श्रीमंतांची स्वारी अमुक मुक्कामी आली’ एवढाच धागा आहे, ते खुनाच्या आधीचे की नंतरचे, हे संपादकाने कसे ठरवावे? त्याला त्या वर्षाची माणसे, मुक्काम आणि प्रकरणे तोंडपाठ असावी लागतात. म्हणून म्हणतो, जो पत्राला साल देतो त्याने इतिहास लिहायला सुरुवात केलेलीच असते.

हे काम पारसनीसांनी एकट्याने केले असे मात्र समजू नये. पुरुषोत्तम विश्राम मावजी यांच्यासह त्यांनी ‘कैफियती, यादी वगैरे’, ‘सनदापत्रांतील माहिती’ आणि ‘तहनामे व करारमदार’ यांविषयीचे संग्रह प्रसिद्ध केले. इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचण्यासाठी इंग्रज सनदी अधिकारी किंकेड यांच्याबरोबर मराठ्यांचा त्रिखंडी इतिहास सिद्ध केला. त्याचे भाग १९१८, १९२२ आणि १९२५ साली निघाले. त्यातली इंग्रजी लेखणी किंकेडांची आणि कागदपत्रांची शिदोरी पारसनीसांची. शिवाय ब्रह्मेंद्रस्वामी, बायजाबाई शिंदे, मराठ्यांचे आरमार अशा विषयांवर त्यांची स्वतंत्र मराठी पुस्तके आहेतच.

राजवाड्यांशी त्यांची तुलना नेहमी होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आणि ‘भारतवर्ष’ यांचे साल एकच, १८९८. राजवाड्यांच्या प्रस्तावनांनी मराठी माणसाला इतिहासाचा विचार करायला शिकवले. तसा प्रखर सिद्धांत पारसनीसांच्या लेखनात सापडत नाही, आणि तो सापडत नाही म्हणून त्यांना मागच्या रांगेत बसवले गेले. हा न्याय मला मान्य नाही. सिद्धांत पुढे मोडून पडतात, नवे येतात. छापून ठेवलेले अस्सल पत्र मात्र प्रत्येक नव्या पिढीला पुन्हा उपयोगी पडते.

प्रश्न : पारसनीसांनी लिहिलेले राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र आजही प्रमाण मानावे काय?

उत्तर : ते १८९४ सालचे पुस्तक आहे, म्हणजे लेखकाच्या वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या सुमाराचे, आणि ते कोणत्या काळात लिहिले गेले हे विसरून वाचू नये. झाशीत जून १८५७ मध्ये इंग्रजांची जी कत्तल झाली तिचे खापर इंग्रज लेखक सर्रास राणीच्या माथी फोडत होते. राणीचे दत्तक पुत्र दामोदरराव तेव्हा इंदुरात हयात होते. मार्टिन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने १८८९ मध्ये त्यांना पाठवलेले पत्र पारसनीसांनी पुढे आणले. तुमच्या आईवर घोर अन्याय झाला, कत्तलीत त्यांचा काडीचाही हात नव्हता, उलट किल्ल्यात अडकलेल्या लोकांना त्यांनी दोन दिवस अन्न पुरवले, असा त्या पत्राचा आशय आहे. इंग्रजी सत्तेच्या भरात, एका मराठी तरुणाने, इंग्रजाच्याच साक्षीने तो आरोप खोडून काढावा, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

तथापि राणीला इंग्रजांशी लढायचे नव्हते, परिस्थितीने तिला लढाईत लोटले, असा जो सूर त्या चरित्रात आहे तो सर्वांना पटलेला नाही. झाशीच्याच मुलखातले हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांनी लहानपणापासून घरात ऐकलेल्या आठवणींच्या आधारे त्याला स्पष्ट विरोध केला आणि राणी स्वराज्यासाठीच लढली असे मांडले. माझ्या मते पारसनीसांचा तो निष्कर्ष आज जसाच्या तसा घेऊ नये. आरोपातून राणीची मुक्तता करायची तर तिचा हेतू निरुपद्रवी दाखवणे त्या काळी वकिली दृष्टीने सोयीचे होते, आणि त्या सोयीची छाया पुस्तकावर पडली आहे. चरित्रात दिलेली पत्रे आणि चरित्रकाराचा अभिप्राय ही दोन वेगळी माणसे बोलत आहेत असे समजून वाचले, तर पुस्तक अजूनही भरपूर देते.

प्रश्न : त्यांनी जमवलेले कागद आज कोठे आहेत?

उत्तर : पुण्यात. पारसनीसांच्या संग्रहासाठी साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले ते १९२५ साली, त्यांच्या मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी. पुढे १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवण्यात आला. मेणवली दप्तराचा मोठा भाग तिथेच आहे. त्यांनी कागदांबरोबर जुनी चित्रेही आस्थेने गोळा केली होती, हे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर मोडी कागदांचे एक गाठोडे सापडले आहे. ते सरळ करून, चिकटपट्टी लावून प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवावे असा विचार आहे. योग्य होईल काय?

उत्तर : कृपा करून तसे करू नका. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत कागदात मुरतो आणि अक्षरे खातो. प्लास्टिकात कोंडलेला दमट कागद आतल्या आत कुजतो. गाठोडे ज्या क्रमाने बांधलेले आहे तो क्रम मोडू नका, कारण ज्या पत्रावर साल नाही त्याचे साल पुष्कळदा त्याच्या वरच्या आणि खालच्या कागदावरून कळते. ते कोणत्या घरात, कोठे आणि कोणत्या फडक्यात मिळाले, हे आजच एका वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून गाठोड्यासोबत ठेवा. ऊन आणि ओल या दोन्हींपासून ते दूर असावे. छायाचित्रे घ्याल तेव्हा पाठपोट घ्या. लांब बंद, म्हणजे कागदाच्या पट्ट्या, अनेक तुकडे जोडून केलेले असतात आणि कित्येकदा शिक्का मागच्या बाजूला, नेमका सांध्यावर उमटवलेला असतो. वाचनासाठी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात विचारणा करावी. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली ते स्थापन केले, आणि मोडी जाणणारी माणसे तिथे भेटतात. जाताना छायाचित्रे न्या. मूळ गाठोडे तूर्त घरीच, सुती कापडात सैल बांधून ठेवा.