वाचकांचे प्रश्न : सौना आणि सिझेरियनच्या खुणा

प्रश्न : माझे वय ५२ असून मी सांगलीत विश्रामबागेत राहते. दोन सिझेरियननंतर पोट सुटले, खुणा राहिल्या, आणि तेव्हापासून नणंदेसमोरसुद्धा साडी बदलायची वेळ आली की मी न्हाणीघराची कडी लावून घेते. मुलगी जर्मनीत असते आणि मी लवकरच तिच्याकडे जाणार आहे. तिथल्या सौनात, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, स्त्रीपुरुष एकत्र विवस्त्र बसतात आणि त्याने अंगाविषयीचा संकोच जातो, असे ती सांगते. हे सभ्यपणाचे आहे का, आणि मला त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : सभ्यपणा तिथे वागणुकीवर ठरतो. घाम फळीवर पडू नये म्हणून अंगाखाली टॉवेल अंथरायचा, मोबाईल बाहेर ठेवायचा आणि कोणाकडे टक लावून पाहायचे नाही. निसर्गवाद्यांच्या, म्हणजे एकत्र विवस्त्र वावरण्याचा पुरस्कार करणाऱ्यांच्या, आंतरराष्ट्रीय महासंघाने १९७४ साली केलेल्या निसर्गवादाच्या व्याख्येतही सामूहिक नग्नतेचा हेतू स्वतःविषयी, इतरांविषयी आणि पर्यावरणाविषयी आदर वाढवणे हाच सांगितला आहे. हे सारे दूरदेशीचे खूळ आहे असेही समजू नये, कारण अशा मंडळांपैकी सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे मंडळ १८९१ साली एका इंग्रज न्यायाधीशाने मुंबईजवळच्या आपल्या ठाणे शहरात काढले होते (सभासद मात्र अवघे तीन!). सांगलीत दिगंबर मुनींचा विहार असला की आपण रस्त्याकडेला हात जोडून उभे राहतो. ते अपरिग्रहाचे व्रत आहे आणि त्याची सौनाशी गल्लत करणे योग्य नाही. तरी उघडे शरीर म्हणजे अश्लीलता, असे आपणही सरसकट मानत नाही, एवढे त्यावरून दिसते.

उपयोगाविषयी मी जपून लिहीन. लंडनच्या कीऑन वेस्ट या मानसशास्त्रज्ञांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा उपक्रमांत भाग घेणाऱ्यांचे आपल्या शरीराविषयीचे समाधान अधिक आढळले. आता, मुळात निःसंकोच असलेली माणसेच तिकडे वळतात, अशी शंका कोणीही घेईल, आणि ती रास्तच आहे. पण आपलाच एक अनुभव आठवून पाहावा. बाळंतपणात मालीशवाली बाई तेलाची वाटी घेऊन बसायची, आपण तिच्यापुढे उघड्या अंगाने पाटावर असायचात, आणि ती पोट चोळता चोळता स्वतःच्या सुनेच्या तक्रारी सांगायची. तेव्हा बहुधा लाज वाटली नसावी, कारण तिने शेकडो पोटे पाहिलेली होती आणि ती कोणाचे पोट कोणाशी ताडून पाहत नव्हती. सौनातही सुटलेली, सुरकुतलेली, टाके पडलेली अंगे शेजारी शेजारी बसलेली असतात. मोबाईलवर दिसणारी निवडक अंगे तिथे नसतात.

मुलीच्या आग्रहाखातर मात्र जाऊ नये. मन नसेल तर नाही म्हणावे. इथे असा प्रयोग उघड्यावर करू नये हे सांगायला नकोच, कारण सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली शिक्षा आहे. जावेसे वाटलेच, तर तिथल्या बऱ्याच सौनांत आठवड्यातला एक दिवस फक्त स्त्रियांसाठी राखलेला असतो; तो कोणता, हे मुलीला आधीच विचारून ठेवावे.