खांदा निखळलेल्या खेळाडूच्या डोक्यालाही मार बसलाय, हे ओळखायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की कबड्डीच्या सामन्यात तुमच्या १७ वर्षांच्या भावाचा खांदा निखळला, त्याच दिवशी तो बसवला, पण आज तिसऱ्या दिवशीही त्याचं डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही आणि तो सगळ्यांवर खेकसतोय. घरचे म्हणतात, गोळ्यांचा परिणाम आहे. असेलही. पण खांदा निखळण्याइतका जो जोरात आदळला, त्याच्या डोक्याला हिसका बसलाच नसेल असं धरून चालू नका. आजच डॉक्टरांकडे न्या आणि आत गेल्यागेल्या सांगा की आम्ही खांद्यासाठी नाही, डोक्यासाठी आलोय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरीच वर्षं कबड्डी संघांबरोबर फिरतो. हीच चूक माझ्या हातून झालीय. आमच्या एका चढाईपटूला साखळी पकडीत खाली आणलं आणि त्याचं कॉलरबोन मोडलं. आम्ही सगळे त्या हाडाच्या मागे लागलो. बर्फ लावला, हात झोळीत बांधला, गाडी मागवली. वाटेत त्याने विचारलं, "सर, लोण झाला का?" मी सांगितलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. तोवर त्याच्या डोक्याबद्दल एक शब्दही कुणी विचारला नव्हता.

खेळाडूही जिथे कळ येतेय तेच सांगतो. त्यात 'तो बेशुद्ध कुठे पडला होता?' हा प्रश्न घात करतो. बहुतेक कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला हिसका बसून मेंदूच्या कामात तात्पुरता बिघाड होतो तेव्हा, शुद्ध हरपतच नाही. सीटी स्कॅनही नॉर्मल येतो, कारण तो रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर शोधायला असतो. त्रास कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो.

डिसेंबर २०२० मधला कॅनबेराचा टी-ट्वेंटी सामना आठवा. जडेजा मांडीच्या स्नायूमुळे आधीच लंगडत होता. शेवटच्या षटकात स्टार्कचा चेंडू हेल्मेटवर लागला, तरी तो खेळत राहिला. ड्रेसिंग रूममध्ये गेल्यावर चक्कर जाणवली आणि डोक्याला मार बसलेल्याचा बदली खेळाडू म्हणून त्याच्या जागी चहल उतरला. 'दुखत होता तो पाय, डोक्याचं निमित्त केलं' अशी ओरड झाली. मला ती अजिबात पटली नाही. पाय दुखावला म्हणून डोकं शाबूत, असा कुठला नियम आहे?

मैदानावर आम्ही साधेच प्रश्न विचारतो. आपण कुठे खेळतोय? पहिला हाफ की दुसरा? शेवटचा गुण कुणी घेतला? मागचा सामना जिंकलो का? उत्तर चुकलं, अडखळलं, तर तो खेळाडू त्या दिवशी परत मॅटवर जात नाही. तोल तपासायला कमरेवर हात ठेवून, डोळे मिटून एका पायावर उभं करतात, पण हात झोळीत असताना ते जमत नाही. घोटा मुरगळलेल्याचंही तेच. म्हणून अशा वेळी स्मरण, बोलणं, झोप आणि स्वभाव यांवर जास्त भर द्यावा लागतो, आणि ते घरच्यांइतकं कुणालाच कळत नाही.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी, हातापायात अशक्तपणा, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, किंवा उठवूनही नीट जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर वेळ न घालवता थेट मोठ्या रुग्णालयात.

तसं काही नसेल तर मोबाइल कमी, झोप पुरेशी, घरातल्या घरात थोडं चालणं. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत कोंडू नका. खांदा बरा झाला म्हणून सरावाला सोडू नका, डोक्यासाठी डॉक्टरांची वेगळी परवानगी घ्या.

आणि एक वही करा. कोणती गोळी किती वाजता दिली, डोकं कधी दुखलं, किती वेळ झोपला, हे लिहून काढा. गोळीची वेळ टळून गेल्यावरही गुंगी आणि चिडचिड तशीच राहते का, हे त्यातून दिसेल. खांद्याच्या एक्स-रेबरोबर ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.