आयकर म्हणजे 'आई, कर!'

प्रश्न: आम्ही परदेशात राहतो. आमचा मुलगा 10 वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. दर रविवारी आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल असतो. आजोबांना थट्टामस्करीची फार हौस. मागे ते म्हणाले, "तू आमचा नाहीसच मुळी, तुला रस्त्यावरून उचलून आणलंय." सगळे हसले, हा गप्प. रात्री त्याने माझ्याकडे स्वतःचा जन्मदाखला मागितला आणि तो उशीखाली ठेवून झोपला. त्याचा स्वतःचा एकच विनोद आहे: "आयकर म्हणजे काय? आई, कर!" गेले चार महिने प्रत्येक कॉलवर तो हाच सांगतो आणि एकटाच पोट धरून हसतो. सासरे म्हणतात, याला विनोद कळत नाही. विनोद शिकवता येतो का?

उत्तर: आधी त्या आयकराबद्दल बोलू या. दिवसभर शाळेत दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाने मराठीतला एक कोरडा सरकारी शब्द ऐकला, तो मधोमध फोडला आणि त्यातून आई आणि तिच्यामागे लागलेलं काम बाहेर काढलं. ही अस्सल कोटी आहे. ती ऐकून मला तुमच्या मुलाचं मनापासून कौतुक वाटलं. परदेशात वाढणारं मूल मराठी शब्दांशी असं खेळतंय, म्हणजे ती भाषा त्याची झाली आहे.

ऑटिस्टिक माणसांना विनोद कळत नाही, ही समजूत जुनी आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्परगर यांनी 1944 मध्ये लिहिलं की या मुलांना विनोदबुद्धी नसते. त्याच लेखात त्यांनी हेही नोंदवलं की यातली काही मुलं शब्दांशी फार छान खेळतात. पहिली गोष्ट सगळीकडे पसरली, दुसरी मागे राहिली. आज हॅना गॅड्सबी आणि फर्न ब्रेडी हे विनोदी कलाकार रंगमंचावर उभं राहून लोकांना हसवतात आणि आपण ऑटिस्टिक आहोत हे मोकळेपणाने सांगतात.

मग आजोबांची थट्टा का पोचली नाही? कारण थट्टेत शब्दांचा अर्थ एक असतो आणि मनातला दुसरा. आवाजाचा हेल, डोळ्यांतला मिश्कीलपणा आणि 'आजोबा हे खरं म्हणत नसणार' हा अंदाज, हे सगळं एका क्षणात जुळवावं लागतं. त्यात व्हिडिओ कॉलवर चेहरा मध्येच थिजतो, आवाज मागून येतो. शिवाय विषय होता 'तू आमचा नाहीस'. ज्या मुलाला माणसाचा शब्द खरा मानायची सवय आहे, त्याने पुरावा मागितला, यात चुकलं काय? 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की आपल्याला कोणी हसेल ही भीती ऑटिस्टिक लोकांमध्ये इतरांपेक्षा बरीच जास्त असते. लहानपणापासून वाट्याला आलेली चेष्टा पाहिली तर मला याचं नवल वाटत नाही. 'उचलून आणलंय' हा विनोद घरातून कायमचा बंद करा. सासऱ्यांना दुखवायची गरज नाही. "बाबा, त्याने ते खरं मानलं, रात्री दाखला उशाशी घेऊन झोपला," एवढंच सांगा. आजोबांचं काळीज आहे, ते समजतील.

तुम्ही विचारलंत, शिकवता येतो का. वाक्प्रचार जरूर समजावा. "पोटात कावळे ओरडतायत" ऐकून तो पोटाला कान लावत असेल तर आधी त्या चित्रावर त्याच्याबरोबर मनसोक्त हसा, मग अर्थ सांगा. त्याने विचारलं, "यात हसण्यासारखं काय?" तर सुस्कारा न टाकता सांगा. काहींना विनोद उलगडून पाहण्यातच मजा येते, आणि काही जण दहा मिनिटांनी, जेवताना एकदम हसतात. ते हसूही खरंच.

पण कधी हसायचं हे मात्र शिकवू नका. माझी भाची ऑटिस्टिक आहे, आता 26 वर्षांची. ती मला एकदा म्हणाली, "मावशी, शाळेत सगळे हसले की मी मनात दोन आकडे मोजून हसायचे. घरी आल्यावर गाल दुखायचे." शिक्षकांना वाटायचं, पोरगी किती छान मिसळते! 2009 च्या एका संशोधनात ऑटिस्टिक मुलांच्या हसण्याचे आवाज तपासले होते. समोरच्याला बरं वाटावं म्हणून केलेलं हसू त्यांच्यात कमी आढळलं, आनंद झाला म्हणून आलेलं हसूच प्रामुख्याने होतं. तुमच्या मुलाचं ते पोट धरून हसणं तसं आहे. ते जपा.

आणि तोच विनोद चार महिने? ओळखीच्या गोष्टीची गोडी प्रत्येक वेळी नवी लागते, असं अनेक ऑटिस्टिक माणसं सांगतात. शिवाय तो भिंतीला सांगत नाही, आजोबांनाच सांगतो. आपल्याकडे ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द रूढ आहे, पण तो मला खटकतो, कारण हा मुलगा दर रविवारी आपला सगळ्यात आवडता शब्द घेऊन आजोबांपाशी येतोय. डेमियन मिल्टन या ब्रिटिश, स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये मांडलं की न समजण्याची दरी दोन्ही बाजूंनी असते. नातवाला आजोबांची थट्टा कळली नाही, तशी आजोबांनाही नातवाची कोटी कळलेली नाही. (पुन्हा ऐकायचा खरोखर कंटाळा आला तर "आज दोनदा ऐकते, तिसऱ्यांदा उद्या" असं सरळ सांगा. नुसतं तोंड वाकडं केलं तर त्याला कळणार नाही.)

येत्या रविवारी आजोबांना एक शब्द शोधून ठेवायला सांगा. मान, नाव, वर, असे दोन अर्थांचे शब्द मराठीत भरपूर आहेत. कॉल लागला की त्यांनीच सुरुवात करावी: "अरे, माझं नाव पाण्यात टाकलं तरी बुडत नाही. का, सांग बघू?" मग थांबावं. उत्तराला वेळ लागेल. तेवढा वेळ कोणी मध्ये बोलू नये.